पनीर बंद, टोफू चालू?

नीलिमा, ए-४०२: मंडळी, ह्यांचा रिपोर्ट आला. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८. डॉक्टरांनी पनीर, चीज कमी करायला सांगितलंय. मुलगी म्हणते टोफू आणा, सोयाबीनच्या दुधाचं पनीर. कोणी नेहमी खातं का? फायदा होतो की नुसतं फॅड?

देशपांडे काका, बी-१०१: टोफू म्हणजे रबर. सूनबाईंनी एकदा रश्श्यात घातला होता. रस्सा संपला, टोफू ताटात तसाच.

संदीप, डी-६०१: वहिनी, पुरुषांनी सोया खाऊ नये म्हणतात. हार्मोन बिघडतात. जिमच्या ट्रेनरने सांगितलंय.

मानसी, सी-२०३: संदीपदादा, मी आहारतज्ज्ञ म्हणून रोज हेच ऐकते. सोयातल्या आयसोफ्लेव्होन नावाच्या घटकांची रचना थोडी इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनसारखी असते, म्हणून ही भीती. पण पुरुषांवर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१० आणि २०२१ मध्ये घेतला गेला, टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर काही परिणाम दिसला नाही.
नीलिमाताई, आता एलडीएलचं. सोया प्रोटीन रोज २५ ग्रॅमच्या आसपास पोटात गेलं तर एलडीएल साधारण ३-४ टक्के उतरतं. म्हणजे १६८ चं १६२. त्यामुळे डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर टोफूच्या भरवशावर ती सोडू नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये 'सोया प्रोटीन हृदयाला चांगलं' असं पाकिटावर छापायला परवानगी दिली होती, आणि २०१७ मध्ये ती काढून घ्यायचा प्रस्तावही त्यांनीच मांडला.
खरा फायदा अदलाबदलीत आहे. १०० ग्रॅम पनीरमध्ये २०-२५ ग्रॅम फॅट, त्यातलं निम्म्याहून जास्त सॅच्युरेटेड, म्हणजे एलडीएल वाढवणारं. टोफूत ५-९ ग्रॅम, सॅच्युरेटेड जेमतेम १ ग्रॅम, कोलेस्टेरॉल शून्य. प्रोटीन पनीरपेक्षा थोडं कमी, पण चांगल्या प्रतीचं.

नीलिमा, ए-४०२: मी थायरॉईडची गोळी घेते. मला चालेल?

मानसी, सी-२०३: चालेल. फक्त सोयामुळे गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून निदान चार तासांचं अंतर ठेवा. गोळी सकाळी उपाशीपोटी, टोफू दुपारी किंवा रात्री.

सेक्रेटरी: उद्या १० ते १ टाकी धुणार आहेत. पाणी भरून ठेवावे.

शेवाळे काकू, ए-२०१: दुधाइतकं कॅल्शियम मिळतं म्हणे? मग दूधही बंद करावं का?

मानसी, सी-२०३: नको काकू! टोफूत बी-१२ नसतं, शाकाहारी घरांत आधीच त्याची बोंब. दूध-दही राहू द्या. टोफूतलं कॅल्शियम सोयाचं दूध कशाने फाडलंय त्यावर ठरतं. पाकिटावर कॅल्शियम सल्फेट किंवा ५१६ आकडा दिसला तर भरपूर. लिंबाने केलेल्यात तितकं नाही.

जाधव, बी-५०३: आमचं लातूरकडे गाव. सोयाबीन पोत्यांनी विकतो, खात मात्र कोणी नाही. गावाहून आणलेलं घरात पडलंय. घरी होतो का टोफू?

अपर्णा, सी-४०१: होतो, मी करते. रात्रभर भिजवा, वाटा, कापडातून गाळा. दूध मोठ्या पातेल्यात तापवा, फेस भसकन वर येतो आणि ओटा धुवायची वेळ येते. उकळी आली म्हणून उतरवू नका, मंद आचेवर दहा मिनिटं तरी हलवत राहा. कच्चं सोया पचत नाही. मग जरा निवलं की पाण्यात कालवलेला लिंबाचा रस थोडा थोडा घाला. फुटलं की पंच्यात बांधून वर पाण्याने भरलेला कुकर ठेवा. चोथा नीट भाजून थालीपिठात.
आणि जाधव दादा, बियाण्याचं सोयाबीन अजिबात नको, त्याला औषध चोळलेलं असतं.

देशपांडे काका, बी-१०१: रबराचं काय?

अपर्णा, सी-४०१: काका, पाणी न काढता थेट रश्श्यात टाकला असणार. मिठाच्या गरम पाण्यात ठेवा, दाबून निथळा, तव्यावर चमचाभर तेलात दोन्ही बाजूंनी लाल करा आणि मग मसाल्यात. नाहीतर सरळ हाताने कुस्करून कांदा-टोमॅटोची भुर्जी. तळायचा मात्र नाही, मग पनीर काय वाईट?

संदीप, डी-६०१: मानसीताई, रोज किती चालेल?

मानसी, सी-२०३: १०० ग्रॅम बिनधास्त. सोयाची ॲलर्जी असेल तर अजिबात नाही. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

जाधव, बी-५०३: घरी फोन केला. माझ्याकडचं बियाण्याचं नाही, खायचंच आहे. पाच किलो आहे, ज्यांना हवं त्यांनी संध्याकाळी सातनंतर डबा घेऊन या.

संदीप, डी-६०१: माझं अर्धा किलो. ट्रेनरला कळवू नका.