मदत हवी आहे: १२ वर्षांच्या पिचर मुलाचं कोपर दुखतंय, कर्व्हबॉल शिकू द्यावा का?

बे_एरिया_आई

नमस्कार मंडळी. मुलगा १२ वर्षांचा आहे, तीन वर्षं बेसबॉल खेळतोय आणि गेल्या वर्षापासून टीमचा मुख्य पिचर (बॅटरला चेंडू टाकणारा) आहे. मी आणि नवरा क्रिकेट बघत मोठे झालो, त्यामुळे या खेळातलं जे काही कळतं ते मुलाकडूनच शिकलो.

गेल्या शनिवारी लिटल लीगच्या (मुलांच्या स्थानिक लीगच्या) मॅचमध्ये त्याने ७८ चेंडू टाकले. रविवारी ट्रॅव्हल टीमची (बाहेरगावी स्पर्धा खेळणाऱ्या वेगळ्या टीमची) टूर्नामेंट होती. तिथल्या कोचनी "फक्त दोन इनिंग" म्हणून पुन्हा पिचिंगला उभं केलं आणि उरलेल्या मॅचमध्ये कॅचर (क्रिकेटमधल्या विकेटकीपरसारखा) म्हणून बसवलं. रात्री बघते तर हा डाव्या हाताने वरणभात कालवतोय. विचारलं तर "काही नाही". झोपायच्या आधी खोदून विचारलं तेव्हा रडत म्हणाला, कोपराच्या आतल्या बाजूला महिनाभर दुखतंय. सांगितलं तर खेळ बंद होईल म्हणून गप्प बसला होता.

आता कोच म्हणतात की त्याचा फास्टबॉल (सरळ वेगवान चेंडू) सगळ्यांना ओळखता यायला लागलाय, कर्व्हबॉल (वळत खाली येणारा चेंडू) शिकवायलाच हवा. मुलाच्या खोलीत ओहतानीचं (पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणाऱ्या जपानी खेळाडूचं) पोस्टर आहे. "आई, त्याच्याकडे एवढ्या प्रकारच्या पिचेस आहेत, माझ्याकडे दोनच," असं तो रोज ऐकवतो. या वयात कर्व्हबॉल योग्य आहे का? आणि दोन टीम असताना चेंडूंचा हिशोब नक्की कोणी ठेवायचा? कोणाची मुलं यातून गेली असतील तर कृपया सांगा.

मेधा_फिजिओ

ताई, कर्व्हबॉलचा प्रश्न आज बाजूला ठेवा. आधी फेकणं पूर्ण बंद, अगदी अंगणातलं कॅचसुद्धा, आणि याच आठवड्यात मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. दोन्ही कोपरांचा एक्स-रे काढायचा का, ते आवर्जून विचारा, कारण या वयात दुखऱ्या बाजूची तुलना चांगल्या बाजूशी करावी लागते.

कारण सांगते. मोठ्या पिचर्सचं कोपराचं लिगामेंट फाटतं. १२ वर्षांच्या मुलात ते लिगामेंट ज्या हाडाला धरलेलं असतं तिथली ग्रोथ प्लेट अजून कूर्चेची असते आणि ती लिगामेंटपेक्षा कच्ची असते. दर चेंडूला ती ओढली जाते, सुजते, कधी रुंदावते. याला इथे 'लिटल लीग एल्बो'च म्हणतात. वेळेत थांबलं तर मुलं छान बरी होतात. दुखत असताना रेटलं तर हाडाचा तुकडा सुटू शकतो. बर्फ लावून किंवा गोळी देऊन मॅचला पाठवू नका, दुखणं झाकलं जातं, ओढ तशीच चालू राहते.

डगआउट_दादा

मी नऊ वर्षं लीगमध्ये स्कोअर लिहितो, म्हणून हिशोबाचं सांगतो. लिटल लीगमध्ये ११-१२ वयाला दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा आहे आणि ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर पुढचे चार दिवस पिचिंग नाही. म्हणजे शनिवारच्या ७८ नंतर रविवार ते बुधवार तो माउंडवर (पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर) जायलाच नको होता. पण लीगला ट्रॅव्हल टीमचे चेंडू दिसत नाहीत, ट्रॅव्हलवाल्यांना लीगचे. दोघांच्या वह्या आपापल्या जागी स्वच्छ असतात आणि कोपर मात्र एकच असतं. त्यामुळे तिसरी वही घरात हवी.

कॅचरचंही तसंच. लीगचा नियम आहे की ४१ किंवा जास्त चेंडू टाकलेल्या मुलाने त्या दिवशी कॅचर व्हायचं नाही, कारण कॅचरसुद्धा प्रत्येक पिच परत फेकत असतो.

मेजर लीग (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल संघटनेने २०१४ मध्ये 'पिच स्मार्ट' मार्गदर्शन काढलं. त्यात ९ ते १२ वयाला बारा महिन्यांत ८० इनिंगच्या वर जाऊ नका, वर्षातले चार महिने फेकू नका (त्यातले दोन-तीन सलग) आणि फास्टबॉल आणि चेंजअप (फसवा संथ चेंडू) सोडून दुसरं काही टाकू नका असं स्पष्ट आहे. तुमच्या कोचना हे छापून द्या.

स्वीपर_आणि_स्प्लिटर

कर्व्हबॉलबद्दल थोडं वेगळं बोलतो. प्रयोगशाळेत मोजलं तेव्हा मुलांच्या कोपरावर कर्व्हबॉलचा ताण फास्टबॉलपेक्षा जास्त निघाला नाही. दहा वर्षं ४८१ मुलांचा मागोवा घेतलेल्या अभ्यासात ठळक दिसलं ते चेंडूंचं प्रमाण: वर्षात १०० इनिंगच्या वर टाकणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट. कर्व्हबॉलला निर्दोष म्हणत नाही. थकलेल्या हाताने मनगट मुरडून टाकला की बाजू बिघडतेच. पण कर्व्हबॉल बंद केला आणि रविवारच्या दोन इनिंग चालू ठेवल्या तर काही वाचणार नाही.

मुलाला चेंजअपवर प्रेम करायला शिकवा. हात फास्टबॉलइतक्याच जोरात फिरतो, चेंडू फक्त तळहातात खोल धरलेला असतो, म्हणून तो उशिरा पोचतो. बॅटर आधीच बॅट फिरवून बसलेला असतो. जास्तीची ताकद लागत नाही, मनगट मुरडावं लागत नाही.

आणि ओहतानीचं पोस्टर आहे ना? मग त्याचं हेही सांगा. २०१८ मध्ये उजव्या कोपराची शस्त्रक्रिया, २०२३ मध्ये त्याच कोपराची दुसरी. २०२४ च्या पूर्ण मोसमात त्याने मॅचमध्ये एकही पिच टाकली नाही, फक्त बॅटिंग केली, त्यात ५४ होम रन आणि ५९ बेस चोरले. १६ जून २०२५ ला माउंडवर परतला तेव्हा त्याच्या टीमने, डॉजर्सनी, त्याला एकच इनिंग दिली. जगातल्या सगळ्यात महागड्यांपैकी एक खेळाडू, आणि इनिंग वाढवत नेल्या त्या हळूहळू. त्याच ऑक्टोबरमध्ये मिलवॉकीविरुद्ध एका रात्री दहा स्ट्राइकआउट (पिचरने बाद केलेले बॅटर) आणि तीन होम रन. मुलाला ही रात्र तोंडपाठ असेल, त्याआधीची दोन वर्षं कोणी सांगितली नसतील.

सह्याद्रीचा_पोर

सगळ्यांचा आदर राखून म्हणतो, मुलांना इतकं जपलं तर हात तयार कसा होणार? आम्ही सुट्टीत सकाळपासून अंधार पडेपर्यंत बोलिंग करायचो. शिवाय मेजर लीगचा पिचर स्ट्रासबर्गचं बघा. २०१२ मध्ये त्याच्या टीमने, नॅशनल्सनी, हात जपायला १५९ इनिंगनंतर त्याला घरी बसवलं, प्लेऑफमध्ये त्याच्याविना हरले, आणि शेवटी शरीराने त्याला साथ दिली नाही ती नाहीच.

मेधा_फिजिओ

दादा, आपण दिवसभर टेनिस बॉलने खेळायचो, मधे जेवायला घरी यायचो आणि दुखलं की दुसऱ्याच्या हातात चेंडू द्यायचो. इथे प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने, समोर रडार गन आणि कुंपणाबाहेर पालक. स्ट्रासबर्गबद्दल तुमची हळहळ पटते. पण २०१९ मध्ये वर्ल्ड सिरीजचा (मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा) सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला होता. जपल्याने हमी मिळत नाही, हे मात्र खरं.

सेंदाईकर

मी जपानच्या ईशान्येला राहतो, म्हणून इथली एक आठवण. २०१९ च्या उन्हाळ्यात इवातेच्या ओफुनातो हायस्कूलच्या रोकी सासाकीने एका सामन्यात १९४ चेंडू टाकले, तीन दिवसांनी सेमीफायनलमध्ये १२९. दुसऱ्याच दिवशी फायनल, जिंकले असते तर कोशिएन, म्हणजे शाळांची राष्ट्रीय स्पर्धा. कोच कोकुबोंनी त्याला उतरवलंच नाही. शाळा २-१२ ने हरली. समोरची शाळा होती हानामाकी हिगाशी, ओहतानीची शाळा. कोचवर देशभरातून टीका झाली. २०२० पासून इथे शाळकरी पिचरला आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा आली. एप्रिल २०२२ मध्ये सासाकीने १९ स्ट्राइकआउट घेत परफेक्ट गेम (एकाही बॅटरला बेसवर पोचू न देता पूर्ण सामना) टाकला. पुढच्याच रविवारी आठ परफेक्ट इनिंग झाल्या होत्या, चेंडू १०२, आणि व्यवस्थापनाने त्याला बाहेर घेतलं. २०२५ मध्ये अमेरिकेत त्याचा खांदा दुखावलाच. तरीही त्या कोचबद्दल माझ्या मनात आदर आहे. त्या दिवशी 'नाही' म्हणणारा तो एकटाच होता.

बे_एरिया_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं वाचून दाखवलं त्याला. सासाकीचं ऐकताना "तो रडला असेल का?" असं विचारलं त्याने.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. ग्रोथ प्लेट थोडी रुंदावली आहे, तुकडा सुटलेला नाही. सहा आठवडे फेकणं बंद, मग पुन्हा तपासणी. काल दोन्ही टीमचे जुने स्कोअर काढून बारा महिन्यांच्या इनिंग मोजल्या: लीगच्या ३८, ट्रॅव्हलच्या ५१. एकोणनव्वद. मी प्रत्येक मॅचला संत्री कापून नेत होते आणि ही बेरीज कधी केली नव्हती, याचं फार वाईट वाटलं. ट्रॅव्हलच्या कोचना फोन केला. आधी थोडे नाराज झाले, पण लीगचे आकडे त्यांनी कधी विचारलेच नव्हते हे त्यांनी मान्य केलं. पुढच्या मोसमात एकच टीम, असं आम्ही ठरवलंय.

शनिवारी तो डगआउटमध्ये (खेळाडूंच्या बाकावर) क्लिकर घेऊन बसणार आहे, दुसऱ्या पिचरचे चेंडू मोजायला. स्वतःहून मागितलं त्याने ते काम.

एक शेवटचं: डॉक्टरांनी हो म्हटल्यावर परत फेकायला सुरुवात करताना कोणी टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम पाळला आहे का? किती फुटांपासून सुरू केलं, आठवड्यातून किती दिवस, आणि मध्येच दुखलं तर किती मागे गेलात? इथे लिहा किंवा निरोप करा.