मदत हवी आहे: अपूर्णांकाने भागाकार सातवीला कसा शिकवता?

नमस्कार गुरुजन हो. मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गणित शिकवते. ‘खालचा अपूर्णांक उलटा करून गुणा’ हे मुलांना पाठ आहे, पण का उलटा करायचा, हे कळत नाही.

भाकरीपासून सुरुवात केली. ३ भाकऱ्या, प्रत्येकाला अर्धी, ६ जणांना पुरल्या. हे लगेच पटलं. मग शेत घेतलं: पाऊण एकर म्हणजे ३० गुंठे, ५ गुंठ्यांचा (१/८ एकराचा) एक तुकडा, म्हणजे ३/४ ÷ १/८ = ६ तुकडे. घरी सगळे गुंठ्यातच बोलतात, त्यामुळे मजा आली.

गाडी अडली ती बाकी उरल्यावर. लाइट पाऊण तास आहे, एक वाफा भिजायला ४० मिनिटं लागतात, तर किती वाफे भिजतील? एक वाफा झाला, ५ मिनिटं उरली. मुलं म्हणतात, १/१२. ती तासाचा भाग मोजतात, वाफ्याचा नाही! उत्तर १ पूर्णांक १/८ हे पटवताना माझीच दमछाक होते.

यासाठी कुणी कागदाच्या पट्ट्या, दोरी असं काही वापरलंय का? शिवाय ऊसतोडीहून मार्चमध्ये परतणाऱ्या लेकरांना हे थोड्या दिवसांत कसं द्यावं? अनुभव सविस्तर लिहा, प्लीज.