'व्होल्कॅनिक नेक'ला मराठीत काय म्हणावं?

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधल्या शिपरॉकवरचा लेख मराठीत आणते आहे. सपाट माळावर सुमारे ४८० मीटर उंच उभा असलेला एकटा खडक. वरचा ज्वालामुखी केव्हाच झिजून गेला. त्याच्या नळीत जे थिजलं होतं तेवढं उरलं. इंग्रजीत याला 'नेक' किंवा 'प्लग' म्हणतात. मराठीत 'ज्वालामुखी ग्रीवा' वाचलं, पण त्यातून डोळ्यांसमोर काहीच येत नाही. 'सुळका' चालेल का?

प्रतिसाद १
ताई, सुळका नको. तो आकार सांगतो, घडण नाही. आपल्या सह्याद्रीतले बहुतेक सुळके म्हणजे एकावर एक पसरलेले लाव्ह्याचे आडवे थर. भोवतालचं ढासळलं, मधलं तग धरून राहिलं. शिपरॉकचं तसं नाही, तो उभ्या नळीत भरलेला ऐवज आहे. सुळका म्हटलंत की वाचकाला जीवधनजवळची वानरलिंगी दिसणार आणि सगळी गोष्टच चुकणार.

प्रतिसाद २
'गुडदी' घ्या! आमच्याकडे रॉकेलच्या बाटलीला चिंधीची गुडदी असायची. बूच वरून बसवतात, दट्ट्या पंपात वरखाली होतो; गुडदी मात्र तोंडात कोंबलेली असते. इथेही तसंच झालंय. सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी, तेव्हाच्या जमिनीखाली पाऊण ते एक किलोमीटरवर, खडकांचे फुटके तुकडे आणि शिलारस नळीत गच्च बसले. भोवतालचा मऊ खडक पुढे वाहून गेला. बाटली गेली, गुडदी राहिली.

प्रश्नकर्ती
गुडदी फार आवडला. आता 'डाइक'? खडकापासून लांबवर गेलेल्या उभ्या भिंती आहेत.

प्रतिसाद १
भूशास्त्रात 'भित्ती' रूढ आहे, तोच ठेवा. भेगेत शिरलेला शिलारस थिजून झालेली भिंत, अर्थ सरळ कळतो. पण तिथल्या नावाहो लोकांचं नाव गाळू नका: 'त्से बित'आ'ई', पंख असलेला खडक. 'त्से' म्हणजे खडक. आपण जिला भित्ती म्हणतो, तिथे त्यांना पंख दिसले.

प्रश्नकर्ती
मग पहिल्या उल्लेखात 'ज्वालामुखीच्या नळीतली गुडदी' लिहिते, पुढे नुसती 'गुडदी'. आणि सुरुवात पंखांपासून करते.