मदत हवी आहे: वचन धरून कसं राहायचं?
सलाम सगळ्यांना. मिस्टरांचा जॉब जाऊन चार महिने झाले, भांडुपला भाड्याने राहतो, आता डिपॉझिटमधूनच भाडं कापलं जातंय. मंडळीत (चर्चमध्ये) जो तो बायबलमधलं यिर्मया 29:11 फॉरवर्ड करतो, ज्यात देव म्हणतो की तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला आशा देणारे आहेत; पण मी मागचं वाचलं तर ते पत्र बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या यहुदी बंदिवानांना आहे आणि 10व्या वचनात चक्क 70 वर्षांनी परत आणीन म्हटलंय! तोवर तिथेच घरं बांधा, बागा लावा असंही. मग ते आपल्याला लागू होतं की आपण सोयीचं तेवढंच उचलतो? सकाळी प्रार्थनेत विश्वास असतो, दादरला गाडी बदलेपर्यंत परत पोटात गोळा. तुम्ही अशा वेळी काय करता? आणि अकाउंट्सचं काम कुठे असेल तर तेही सांगा प्लीज.