चर्चच्या मंडळ्यांपुढे मदतीसाठी उभं कसं राहावं? जानेवारीत केनियाला जायचंय

प्रश्न : नगरची नर्स

ख्रिस्तात सर्वांना सलाम.

मी नगर जिल्ह्यातली, वय 31. जीएनएमचा नर्सिंग कोर्स झालाय, आठ वर्षं वॉर्डात ड्युटी केली, त्यातली शेवटची तीन बाळंतपणाच्या वॉर्डात. येत्या जानेवारीत केनियाच्या किनारपट्टीवर, किलिफीच्या बाजूला, एका मिशन दवाखान्यात तीन वर्षांसाठी जायचं ठरलंय. मला पाठवणारी संस्था आपल्या इथलीच आहे. ती पगार देत नाही. माझा खर्च मीच मंडळ्या आणि माणसं जोडून उभा करायचा, अशी त्यांची रीत आहे. राहणं-जेवण, वैद्यकीय विमा, पहिल्या वर्षी स्वाहिलीची शिकवणी, परतीच्या तिकिटासाठी बाजूला टाकायची रक्कम, सगळं धरून दरमहा 54,000 रुपये. शिवाय निघताना एकदाच लागणारे 2,80,000. आजवर वचन मिळालंय ते महिन्याला 11,500 चं.

मागच्या रविवारी आमच्याच मंडळीत उपासनेनंतर सूचनांच्या वेळी पाळकसाहेबांनी मला पाच मिनिटं दिली. कागदावर लिहून नेलं होतं, पण हात थरथरत होता. शेवटी "काही मदत करता आली तर बघा" एवढंच म्हणून खाली बसले. बाहेर एका काकांनी पाचशेची नोट मुठीत कोंबली आणि घाईने निघून गेले. एक मावशी म्हणाल्या, "अगं, परदेशी चाललीस ना, मग तिकडे पगार नाही का?" मला उत्तरच सुचलं नाही.

त्याहून जास्त लागलं ते पप्पांचं बोलणं. त्यांचे वडील मिशनच्या बोर्डिंगमध्ये शिकले, तिथूनच मास्तर झाले. पप्पा म्हणतात, "आपल्या घराने मिशनचं खाल्लं, आता आणखी हात पसरायचा?" ते रागाने बोलले नाहीत. खाली मान घालून बोलले.

माझी हाक खरी आहे, त्याबद्दल शंका नाही. पण मागायचं कसं? दुसऱ्या पंथाच्या मंडळ्यांत जावं का? आठ महिन्यांत एवढं जमतं का? कोणी या वाटेने गेलं असेल तर सांगा.

उत्तर : मोंबासाहून परतलेली

बाळा, मी 2013 ते 2019 त्याच किनाऱ्यावर शाळेत शिकवत होते. तुझं वाचून माझा स्वतःचा पहिला रविवार आठवला.

पहिली गोष्ट, सूचनांच्या वेळी मागू नकोस. सहलीची वर्गणी, हरवलेली छत्री आणि तुझी हाक एका दमात वाचली गेली, तर लोकही तिला त्याच मापाने तोलतात. मंडळीत उभी राहा ती साक्ष द्यायला: बाळंतपणाच्या वॉर्डात काय पाहिलंस, प्रभूने कसं बोलावलं. पैशाचं बोलणं लोकांच्या घरी जाऊन कर, समोरासमोर, आकडा सांगून. "काही जमलं तर" म्हटलं की समोरच्याला कळत नाही की पन्नास द्यायचे की पाच हजार, आणि तो संकोचाने पाचशे देऊन सुटतो. तुझ्या काकांचं तेच झालं. "काका, मला महिन्याला पाचशे देणारी चाळीस घरं हवीत, तुमचं त्यातलं एक होईल का?" असं विचार. ते हो म्हणतील किंवा नाही म्हणतील, पण पळून जाणार नाहीत.

मी अशी 63 घरं फिरले. लाल कापडी बांधणीची एक वही होती, अजून कपाटात आहे. एका पानावर एक घर. नाव, प्रार्थना करणार की पैसे देणार की दोन्ही, किती, कधी, आणि शेवटच्या रकान्यात "शेवटचं पत्र कधी पाठवलं". हा रकाना मी सुरुवातीला आखलाच नव्हता. का आखावा लागला ते सांगते.

शहरातल्या एका मोठ्या मंडळीने मला महिन्याला 12,000 कबूल केले होते. तिथल्या पाळकांचा उत्साह फार, त्यांनी व्यासपीठावरूनच जाहीर केलं. मी देवाचे आभार मानले आणि निघाले. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात त्या पाळकांची बदली झाली आणि जुलैपासून पैसे बंद. नव्या पाळकांचा दोष नव्हता, त्यांना माझं नावही माहीत नव्हतं. कमिटीच्या मिनिट्समध्ये एक ओळ नव्हती. आणि माझीही चूक होती. मलेरियातून उठल्यावर सात महिने मी एकही पत्र लिहिलं नव्हतं. सांगण्यासारखं मोठं काही घडलं नाही, कोणी बाप्तिस्मा घेतला नाही, मग काय लिहू, अशी लाज वाटायची. त्या पावसाळ्यात कोपऱ्यावरच्या दुकानाची उधारी चार महिने अंगावर राहिली. (तिथे दुकानाला डुका म्हणतात, विम्याला बिमा आणि पैशाला पेसा. अर्ध्या गरजेच्या वस्तू तुला पहिल्याच दिवशी मागता येतील.)

म्हणून सांगते, पाळकांच्या शब्दावर निघू नकोस. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीचा ठराव घे, रक्कम आणि मुदत लिहून घे. आणि दर महिन्याला एक पान लिही. त्यात एकच माणूस असू दे. मी शेवटी लिहिलं ते एका मुलाबद्दल, जो वर्गात पायांतल्या चपला काढून दप्तरात ठेवायचा, कारण त्या थोरल्या भावाच्या होत्या आणि झिजवायच्या नव्हत्या. ते पत्र नेवासा तालुक्यातल्या एका वाडीत महिला मंडळाने मोठ्याने वाचलं. त्या बायका दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, महिन्याचं वचन देणं त्यांना शक्यच नव्हतं. त्यांनी काय केलं, तर बाजरी निघाली की प्रत्येकीने दोन पायल्या काढून ठेवायच्या, एकत्र करून बाजारात विकायच्या. पहिल्या वर्षी 2,340 रुपये आले, सोबत चिठ्ठी: "चपलावाल्या पोराला काय पाहिजे ते घ्या." त्या मंडळाने मी परत येईपर्यंत एकदाही खंड पाडला नाही.

मिझोरामच्या मंडळ्यांनी हे आपल्याआधी शंभर वर्षं ओळखलं. तिथे 1910 पासून घरची बाई भात टाकताना दर वेळी मूठभर तांदूळ प्रभूसाठी बाजूला ठेवते. बुहफाई थाम म्हणतात त्याला. त्या मुठीवर त्यांनी किती मिशनरी पाठवले!

मागण्याची लाज वाटते ना? बायबलमधलं रोमकरांस पत्र काढून बघ. प्रेषित पौलाला स्पेनला जायचंय, रोमच्या मंडळीने वाटेला लावून द्यावं अशी त्याची इच्छा आहे, आणि त्या मंडळीला त्याने अजून पाहिलेलंही नाही. पण ते तो कुठे लिहितो? पंधराव्या अध्यायात. आधी आपली सगळी सुवार्ता उलगडून मांडली, मग खर्चाचं बोलला. तू कागदावरचं पहिलं वाक्य कुठलं लिहिलं होतंस ते आठव.

केनियात तू हरांबे बघशील. पोराची फी भरायची असली की आंब्याखाली सगळे जमतात, एकेकाचं नाव पुकारतात आणि माणूस उठून परातीत पैसे टाकतो. एक आजी कोंबडी घेऊन आली होती, तिचा तिथेच लिलाव झाला. आपल्या कापणीच्या सणाला भोपळ्याचा होतो तसाच. मागणाऱ्याची मान खाली नव्हती आणि देणाऱ्याची वर नव्हती. मला ते बघून रडू आलं होतं.

दुसऱ्या पंथाच्या मंडळ्यांत जरूर जा, पण आधी आपल्या पाळकांचं पत्र हातात असू दे. आणि यलो फीव्हरची लस मुंबईला किंवा पुण्याला वेळेत घे, पिवळं कार्ड पासपोर्टला लावून ठेव. ते नसलं तर परत येताना विमानतळावर अडकवून ठेवतात.

उत्तर : एक खजिनदार

ताई, मी 14 वर्षं आमच्या मंडळीचा हिशेब बघतो. थोडं रुक्ष वाटेल, पण सांगणं गरजेचं आहे.

स्वतःच्या गुगल पे वर देणग्या घेऊ नका, कितीही जवळचा माणूस असला तरी. सगळं संस्थेच्या खात्यात, आपलं नाव टाकून, पावतीसह. रोख आलीच तर दोघांनी मोजायची, दोघांनी सही करायची. पौलाने यरुशलेमच्या मंडळीसाठी जमवलेली वर्गणी नेताना सोबत मंडळ्यांनी नेमलेली माणसं घेतली होती, कोणी बोट दाखवू नये म्हणून. 2 करिंथकरांस 8 मध्ये हे स्पष्ट लिहिलंय.

आपली मंडळी ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल तर तिने थेट केनियात पैसे पाठवू नयेत. ट्रस्टचं उत्पन्न देशाबाहेर खर्च झालं की आयकराच्या सवलतीचा प्रश्न येतो, त्याला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची खास मंजुरी लागते. आपल्या संस्थेने ही व्यवस्था कशी केली आहे ते त्यांच्या सीएला विचारून लेखी घ्या. तसंच "करसवलतीची पावती मिळेल" असं आपणहून कोणाला सांगू नका. निव्वळ धार्मिक कामाच्या देणगीला ती सवलत नसते.

परदेशातल्या नातेवाइकांबद्दल लोक नेहमी गोंधळतात. दुबईतल्या भावाचा पासपोर्ट भारतीय असेल आणि तो आपल्या कमाईतून देत असेल, तर ती परकीय देणगी धरत नाहीत. पण अमेरिकेतल्या आत्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी, ती परकीय देणगी. संस्थेकडे एफसीआरए (परकीय देणगी कायद्याखालची) नोंदणी असेल तरच ती घेता येते, आणि ती दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या खात्यातच यावी लागते. यात चूक झाली तर आपल्यामुळे अख्खी संस्था अडचणीत येईल.

उत्तर : एका खेड्यातल्या मंडळीचा सेक्रेटरी

भगिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण मनातलं बोलतो. आमच्या चर्चचं छप्पर दोन पावसाळे गळतंय. पाळकांचा पगार दोन महिने थकलाय. आमच्या भागात बाळंतपणाला बाईला 40 किलोमीटर न्यावं लागतं. तुमच्यासारखी शिकलेली नर्स आमच्याकडे का येत नाही, केनियालाच का, हे आमच्या म्हाताऱ्यांना मी काय सांगू? तुमच्या हाकेवर माझा अविश्वास नाही. पण मंडळीपुढे उभं राहाल तेव्हा हा प्रश्न कोणीतरी मनात धरून बसलेलं असेल, एवढं लक्षात ठेवा.

उत्तर : मोंबासाहून परतलेली

सेक्रेटरी भाऊ, तुमचा प्रश्न मला सहा वर्षांत अनेक ठिकाणी विचारला गेला आणि तो योग्यच आहे. पाळकाचा पगार थकलेल्या मंडळीकडे मी कधी पैसे मागितले नाहीत, तूही मागू नकोस बाळा. पण तिथे जाणं टाळू नकोस. घरातल्या दुखण्यावरून जी नजर फिरवून जाते, तिला परक्या मुलखातलं दुखणं तरी कसं दिसेल?

उत्तर : शरणपूर रोड, नाशिक

ताई, तुमच्या पप्पांसाठी दोन गोष्टी. त्यांना वाचून दाखवा.

1813 साली मुंबईत जे अमेरिकन मिशनरी आले आणि ज्यांचं काम पुढे नगरला 1831 मध्ये सुरू झालं, त्यांच्यामागे कोणी एकटा सावकार नव्हता. न्यू इंग्लंडच्या गावांतल्या बायका त्या काळात आठवड्याला एक सेंट मिशनसाठी बाजूला ठेवायच्या, तशी त्यांची मंडळंच होती. तुमच्या आजोबांचं बोर्डिंग अशाच नाण्यांच्या परंपरेतलं. म्हणजे ज्यांचं खाल्लं, तेही मागूनच आले होते.

दुसरी गोष्ट आमच्या शरणपूरची. 1854 मध्ये इथे चर्च मिशनरी सोसायटीने वसाहत वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे वाढली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यांतली काही आफ्रिकेत फिरणाऱ्या लिव्हिंग्स्टन या मिशनरी-शोधकाबरोबर गेली. 1873 मध्ये तो वारला तेव्हा झाडावर त्याचं नाव कोरणारा जेकब वेनराइट इथेच शिकलेला. 1875 मध्ये मोंबासाजवळ फ्रीअरटाउन ही सोडवलेल्या गुलामांची वसाहत वसली, तेव्हा तिथल्या कामाचा कणा हीच नाशिकची माणसं होती. त्यांच्यातले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर 1885 मध्ये डीकन, म्हणजे दीक्षित धर्मसेवक, झाले. फ्रीअरटाउनची जुनी घंटा अजून आहे, त्या नाक्याला केंगेलेनी म्हणतात, म्हणजे घंटेपाशी. किलिफीला जाणारा रस्ता तिथूनच जातो. आमच्या मातीतून त्या किनाऱ्याला माणसं याआधीच गेलीत. तुम्ही नाशिकला या, आमच्या तरुण संघात ही गोष्ट तुम्हीच सांगा. राहायची सोय आमच्या घरी.

नगरची नर्स, दीड महिन्यानंतर

सर्वांचे मनापासून आभार. आता महिन्याचं वचन 23,400 वर आलंय. 19 घरं झाली. दोन घरांनी सरळ नाही म्हटलं आणि तरी चहा पाजून, प्रार्थना करून पाठवलं. आमच्या कमिटीने 4,000 चा ठराव तीन वर्षांसाठी केला, प्रत माझ्याकडे आहे. पाचशेवाले काका आता महिन्याचे झालेत.

नाशिकचं उत्तर मी पप्पांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाजारातून लाल बांधणीची वही आणली, पट्टी घेऊन बसले आणि सगळ्या पानांवर रकाने आखून दिले. पाचवा रकाना त्यांनी इतरांपेक्षा रुंद ठेवलाय.

सेक्रेटरी दादा, तुमचा प्रश्न मी रोज मनात घोळवतेय, पुरतं उत्तर अजून माझ्याकडे नाही. पण जायच्या आधी तुमच्या मंडळीत एक दिवस येऊन बायकांचं बीपी, साखर, हिमोग्लोबिन तपासायची इच्छा आहे. पैशाचं एक अक्षर बोलणार नाही. कुठला रविवार सोयीचा, ते कळवा.

आणि श्रीरामपूर-राहुरी भागात कोणाच्या ओळखीचं महिला मंडळ असेल तर सांगाल का? पुढचे दोन शनिवार मोकळे आहेत.