मदत हवी आहे: फिलिप मोराइसच्या सामन्यांची बेरीज जुळत नाही

मराठी विकिपीडियासाठी पोर्तुगीज फुटबॉलपटू फिलिप मोराइसवर लेख लिहितोय. चेल्सीच्या युवा संघातून तो बाहेर पडला आणि मग मिलवॉल, स्कॉटलंडमधला हिबर्नियन, ओल्डहॅम, स्टिव्हनेज, ब्रॅडफर्ड, बोल्टन, क्रॉली अशा क्लबांतून खेळत राहिला. २४ जानेवारी २०१५ला एफए कप या इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत तिसऱ्या स्तरावरच्या ब्रॅडफर्डने चेल्सीला त्यांच्याच मैदानात, दोन गोलांनी मागे असताना, ४-२ हरवलं. त्यातला बरोबरीचा गोल याचाच, तोही आपल्या जुन्या क्लबविरुद्ध! अशा खेळाडूवर मराठीत नीट लेख असायलाच हवा.

अडचण आकड्यांची आहे. वेगवेगळ्या संकेतस्थळांवर सामन्यांची बेरीज वेगळी येते. एफए कप, लीग कप आणि खालच्या विभागांची ट्रॉफी वेगळी काढून पाहिली, बदली म्हणून उतरलेले सामनेही धरले, तो उसना (लोनवर) ज्या क्लबांकडून खेळला ते आकडे त्या-त्या क्लबाखाली घातले. तरी फरक उरतोच. माहितीचौकटीत फक्त लीगचे सामने द्यायचे, हे ठाऊक आहे. पैसे भरून बघायचे संग्रह मला परवडणार नाहीत. इंग्रजी स्रोत चालतील.

तर बढतीसाठीचे प्ले-ऑफ सामने लीगच्या आकड्यात धरायचे की 'इतर' स्पर्धांत? आणि २००५ ते २०२० या काळातल्या खालच्या विभागांच्या सामनानिहाय संघयाद्या मोफत कुठे पाहायला मिळतील?