पहिलीच नोकरी होम हेल्थमध्ये : ओपीटीवरच्या नर्सने धरावी का?

तिठा

हा धागा वाद घालायलाच काढतेय, आधीच सांगते.

"आधी दोन वर्षं हॉस्पिटल, मगच होम हेल्थ (पेशंटच्या घरी जाऊन नर्सिंग)." हा सल्ला मला इतक्या जणींनी दिलाय की झोपेतही म्हणून दाखवेन. देणाऱ्या बहुतेकींकडे ग्रीन कार्ड नाहीतर नागरिकत्व. माझ्याकडे एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) आणि ओपीटीचं, म्हणजे पदवीनंतर तात्पुरतं काम करू देणारं, कार्ड. बीएसएन (नर्सिंगची पदवी) इथलंच, अमेरिकेतलं. पण नर्सिंग स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत) मोडत नाही, त्यामुळे इंजिनिअर मंडळींना वर मिळतात ते २४ महिने आपल्याला नाहीत. १२ महिने, संपला विषय.

हॉस्पिटलच्या न्यू ग्रॅड रेसिडेन्सीचे (नव्या नर्सना शिकवत घेतात त्या नोकरीचे) अर्ज भरलेत का तुम्ही कधी या व्हिसावर? तिसऱ्याचौथ्या पानावर प्रश्न येतो : आता किंवा पुढे कधी स्पॉन्सरशिप लागेल का? खरं उत्तर "हो". मी खरंच लिहिलं. एका ठिकाणचा नकार अकरा मिनिटांत आला. एवढ्या वेळात माणसाने अर्ज वाचला असेल यावर माझा विश्वास नाही. त्यांच्या बाजूने बघितलं तर तेही बरोबर आहे म्हणा. वर्षभर शिकवायचं आणि शिकून झाली की हिचं कार्ड संपणार.

होम हेल्थ एजन्सीने मात्र फोन केला. मेडिकेअरच्या (सरकारी आरोग्य विम्याच्या) नियमात होम हेल्थच्या आरएनसाठी (नोंदणीकृत नर्ससाठी) मान्यताप्राप्त शिक्षण आणि लायसन्स एवढंच लागतं. "एक वर्ष ॲक्यूट केअरचा (हॉस्पिटलातल्या पेशंटचा) अनुभव" ही बहुतेक ठिकाणी एजन्सीची स्वतःची अट असते, आणि स्वतःची अट त्यांना सोडायला लावता येते. मी सहा आठवडे प्रीसेप्टर (सोबत राहून शिकवणारी अनुभवी नर्स) मागितली, मिळाली. आज आठ महिने झाले. माझं म्हणणं असं की आपल्यासारखीने होम हेल्थ धरणं ही तडजोड नाही, उघडं असलेलं दार तेच आहे.

बोला आता.

निळाकोट

चौदा वर्षं आयसीयू आणि त्याआधी होम हेल्थ, दोन्ही केलंय. ग्रीन कार्ड आहे, तेव्हा तुमच्या यादीतली मीच ती "बहुतेकींपैकी" एक. तरी ऐका.

एक घर सांगते. मी होम हेल्थमध्ये नवीनच होते. पहिली व्हिजिट, स्टार्ट ऑफ केअर. आजोबा हार्ट फेल्युअरचे, आदल्या दिवशी डिस्चार्ज. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी औषधांची पिशवी उलटी केली. एका बाटलीवर टोप्रॉल एक्सएल, दुसरीवर मेटोप्रोलॉल सक्सिनेट. नाडी मंद करणारं एकच औषध, एक ब्रँड, एक जेनेरिक, दोन वेगवेगळ्या फार्मसींमधून आलेलं. आजोबा दोन्ही इमानेइतबारे घेत होते. नाडी ४६. "जरा गरगरतंय" म्हणत हसत होते.

मला ते दिसलं कारण त्याआधी तीन वर्षं टेलिमेट्री युनिटवर (पेशंटचं हृदय सतत मॉनिटरवर असतं तिथे) मेटोप्रोलॉल हातून गेलेलं होतं. नव्या मुलीला ४६ दिसेल हो, मॉनिटर नसला तरी बोटांना लागेल. पण तिथून पुढे काय? कार्डिऑलॉजीच्या ऑफिसात फोन लावलात की आधी दहा मिनिटं संगीत. फ्लोअरवर असताना शेजारच्या खोलीत मान घालून "जरा बघतेस का गं?" म्हणता येतं. घरात शेजारी फक्त आजी, आणि त्या तुमच्याच चेहऱ्याकडे बघून घाबरायचं की नाही ते ठरवत असतात.

दार उघडं आहे म्हणून आत शिरायचं नसतं, ताई.

तिठा

निळाकोट, ही गोष्ट तुम्ही माझ्याच बाजूने सांगितलीत! ती पिशवी हॉस्पिटलमधल्या कुणी पाहिली होती? डिस्चार्जच्या कागदावर मेटोप्रोलॉल एकदाच लिहिलेलं असणार. घरी जुनी बाटली आहे हे फक्त घरी गेलेल्या माणसाला कळतं. हे हॉस्पिटल शिकवत नाही. मला प्रीसेप्टरने पहिल्याच दिवशी शिकवलं : यादी वाचायची नाही, पिशवी ओतायला सांगायची, मग फ्रिज, मग पलंगाशेजारचा खण.

आणि फोन कुणाला करायचा, तर क्लिनिकल मॅनेजरला. ती उचलते. नोकरी घेण्याआधी मी दुपारी चारला मुद्दाम ऑफिसात फोन करून पाहिलं होतं, कोण उचलतं ते.

हिशेबवही

तुम्ही दोघी क्लिनिकलवर भांडताय. मी फक्त आकडे मांडते, कारण पोरींचं नुकसान तिथे होतं.

ओपीटीवर बेरोजगारीचे एकूण ९० दिवस. शनिवार-रविवार धरून. मोजणी कार्डावरच्या सुरुवातीच्या तारखेपासून, तुमच्या पहिल्या पगारापासून नाही. आता नर्सचं बघा. पदवी झाल्याशिवाय एनसीएलईएक्स (लायसन्सची परीक्षा) नाही, एटीटी (परीक्षेची परवानगी) आल्याशिवाय तारीख नाही, लायसन्सशिवाय नर्स म्हणून काम नाही. ओपीटी सुरू १ जुलै आणि लायसन्स हातात ऑगस्टअखेर, म्हणजे साठच्या वर दिवस काहीही चूक न करता गेले. अर्ज करतानाच सुरुवातीची तारीख जितकी पुढची घेता येईल तितकी घ्या. शिक्षणक्रम संपल्यापासून ६० दिवसांच्या आतली कुठलीही तारीख मागता येते. हे इंटरनॅशनल ऑफिसवाले सांगतात, पण त्या वेळी डोक्यात फायनल्स असतात.

दुसरं, आणि होम हेल्थसाठी हेच महत्त्वाचं. आठवड्याला किमान २० तास काम असेल तरच तुम्ही "नोकरीत" धरल्या जाता. पर डिएम (गरजेपुरतं बोलावणं), पर व्हिजिट (भेटीगणिक पैसे) घेतलंत आणि एजन्सीने आठवड्याला सात-आठ व्हिजिट दिल्या तर? पेशंट हॉस्पिटलात परत गेला की तुमच्या व्हिजिट गेल्या. बाहेरून नोकरी दिसते, आतून दिवस जळत असतात. दोन एजन्सी धरून बेरीज २० च्या वर नेता येते. पण तारीख, वेळ, किती तास हे सगळं लिहून ठेवा. माझं नाव उगाच हिशेबवही नाही.

खिडकीपाशी

मी एच-४ ईएडीवर (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या कामाच्या परवान्यावर) आहे. नवऱ्याची आय-१४० (ग्रीन कार्डासाठी मालकाने केलेली याचिका) मंजूर झालेली, म्हणून मिळालं. तीन वर्षं होम हेल्थ करतेय, पर डिएम, आठवड्याला दहा व्हिजिट, मुलं शाळेतून यायच्या आत घरी. इतकी छान नोकरी दुसरी नाही. पेशंट नावाने ओळखतात. एवढी भीती कसली घालताय सगळ्या?

हिशेबवही

खिडकीपाशी, एच-४ ईएडीला २० तासांची अट नाही, ९० दिवसांची मोजणी नाही. तुम्ही दोन व्हिजिट केल्यात तरी चालतं. तिठाला चालत नाही. एकाच धाग्यात तीन प्रकारची कार्डं आहेत आणि प्रत्येकजण आपल्या कार्डावरून सल्ला देतोय.

खिडकीपाशी

हे पटलं. माघार.

लालपेन

मी एजन्सीत बसून इतरांच्या ओॲसिस (होम हेल्थच्या पेशंटच्या तपासणीचा मेडिकेअरचा फॉर्म) तपासते, तेव्हा माझं ऐकून घ्या.

नव्या मुलींना वाटतं होम हेल्थ म्हणजे जखम बांधणं, इन्सुलिन शिकवणं, पिक लाइनची (दंडातून शिरेत घातलेल्या नळीची) ड्रेसिंग. ते सोपं. अवघड काम रात्री साडेनऊला लॅपटॉपवर असतं. स्टार्ट ऑफ केअरला घरात दोन तास जातात, आणि ओॲसिस भरायला त्याहून जास्त, पहिले काही महिने तरी. पेशंट पलंगावरून खुर्चीत एकटा जातो, आधार घेऊन जातो की कुणीतरी उचलावं लागतं, हे तुम्ही काय भरता त्यावर ३० दिवसांच्या कालावधीचे पैसे ठरतात. २०२० च्या जानेवारीपासून पीडीजीएम (मेडिकेअरची पैसे देण्याची पद्धत) आलं तेव्हापासून असंच आहे. म्हणून एजन्सीचं लक्ष तुमच्या पट्टीपेक्षा तुमच्या टिचकीवर असतं.

आणि इथेच व्हिसावरची मुलगी अडकते. माझ्या आधीच्या एजन्सीत एक नवी नर्स होती. पेशंट आजी स्वतः गाडी चालवून खरेदीला जाऊन आल्या होत्या, पिशव्या दारातच. मेडिकेअरला पेशंट होमबाउंड, म्हणजे सहज घराबाहेर पडू न शकणारा, लागतो. डॉक्टरकडे, चर्चला, क्वचित बाहेर गेलं तर चालतं, पण बाहेर पडणं कष्टाचं हवं. मुलीने खरं लिहिलं. वरून फोन : "जरा पुन्हा बघ ना, थकल्या असतील ना त्या?" नागरिक असलेली नर्स म्हणते नाही, आणि दुसरीकडे नोकरी शोधते. हिच्या डोक्यात ९० दिवस. तिने बदललं. खाली सही तिची, लायसन्स नंबर तिचा. मी तिला नावं ठेवत नाही. मीही ती नोट पास केली आणि दोन महिन्यांनी नोकरी सोडली. आधी सोडायला हवी होती.

तिठा, तुमची एजन्सी चांगली असेल. पण तुमच्यासाठी उघडं असलेलं प्रत्येक दार ते का उघडं आहे हे विचारा. कधी खरंच माणसं कमी असतात. कधी त्यांना नाही म्हणू न शकणारी माणसं हवी असतात.

तिठा

याला माझ्याकडे लगेच उत्तर नाही. मला असा फोन आलेला नाही. आला तर काय करेन हे इथे शूरपणे लिहिण्यात अर्थ नाही.

रांगेतला

मी नर्स नाही, बायको नर्स आहे, कागदपत्रं माझ्याकडे. १२ महिन्यांनंतरचं कुणी बोलतच नाहीये.

एच-१बी (पदवी लागणाऱ्या कामाचा व्हिसा) : साध्या आरएन पदाला सहसा मिळत नाही, कारण पदाला बॅचलर डिग्री लागतेच असं सिद्ध होत नाही, दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीवरही आरएन होता येतं. हॉस्पिटलात काही विशेष पदांना मिळू शकतो, आणि विद्यापीठाशी जोडलेलं ना-नफा हॉस्पिटल असेल तर लॉटरीही नाही. होम हेल्थच्या फील्ड नर्सला ही वाट जवळजवळ बंद.

ग्रीन कार्ड : नर्सेस शेड्यूल ए मध्ये (माणसं कमी असलेल्या कामांच्या यादीत), म्हणजे पर्मची, अमेरिकन माणूस मिळत नाही हे सिद्ध करायची, लेबर सर्टिफिकेशनची पायरी नाही. ऐकायला गोड. पण ईबी-३ मध्ये (नर्स ज्या ग्रीन कार्ड गटात येतात त्यात) भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. जोडीदार दुसऱ्या देशात जन्मलेला असेल तर त्याची रांग धरता येते, नाहीतर नाही. शिवाय मालकाला दाखवावं लागतं की ठरलेला पगार अर्जाच्या तारखेपासून द्यायची ऐपत आहे. मोठं हॉस्पिटल वित्त अधिकाऱ्याचं पत्र देऊन मोकळं होऊ शकतं. वीस माणसांच्या एजन्सीचं टॅक्स रिटर्न उघडलं की कळतं काय ते. आणि पदवी इथली असली तरी व्हिसास्क्रीन (नर्सच्या शिक्षण-लायसन्सची पडताळणी) करावंच लागतं, प्रक्रिया सोपी असते एवढंच.

"आम्ही स्पॉन्सर करू" म्हणत बाँडवर सही मागणारे भेटतील. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने फिलिपिनो नर्सेसच्या खटल्यात नोकरी सोडल्यास २५,००० डॉलर भरण्याचं कलम बेकायदा ठरवलं. पण तो निकाल लागायला नर्सना कोर्टात जावं लागलं. सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

निळाकोट

म्हणजे तिठाताई, बारा महिन्यांनी तुमच्या हातात आठ-दहा महिन्यांचा होम हेल्थचा अनुभव, आणि ज्याला पुढची वाट असू शकते ते हॉस्पिटल विचारणार "ॲक्यूट केअर कुठेय?" हेच मी सांगत होते.

तिठा

आणि ज्या हॉस्पिटलने अकरा मिनिटांत नाही म्हटलं ते मला ॲक्यूट केअर देणार होतं का? तुम्ही दोन वाटांची तुलना करताय. माझ्यासमोर एक वाट होती आणि दुसरीकडे घरी बसून ९० दिवस मोजणं.

तुमचं एक मात्र मान्य. मागच्या महिन्यात वूंड व्हॅकचं (जखमेतला स्राव शोषून घेणाऱ्या यंत्राचं) सील सुटलं. १२५ वर दाब धरेना, अलार्म वाजतोय, पेशंटचा कुत्रा भुंकतोय, जखम सेक्रमवर (माकडहाडाच्या वर), म्हणजे फिल्म बसवायला सर्वांत वाईट जागा. तीन वेळा काढून लावलं. तासभर. चौथ्यांदा प्रीसेप्टरला व्हिडिओ कॉल केला, तिने सांगितलं त्वचेच्या घडीत स्टोमा पेस्ट (फट बुजवणारी पेस्ट) भर. धरलं. गाडीत येऊन बसले तेव्हा हात थरथरत होते. फ्लोअरवर हे माझ्यासमोर दहा जणींनी दहा वेळा केलेलं असतं.

निळाकोट

स्टोमा पेस्ट बरोबर. पुढच्या वेळी ड्रेप लावण्याआधी त्वचा पूर्ण कोरडी करा आणि पेशंटला कुशीवर वळवून दोन पट्ट्यांत लावा, एक मोठा तुकडा नको.

कोरी_पाटी

सगळं वाचलं. मला ऑफर आलीये, शुक्रवारपर्यंत सांगायचंय. १०९९ वर (पगारी नोकर नाही, कंत्राटी), पर व्हिजिट, व्हिजिटची हमी नाही, ओरिएंटेशन तीन दिवस, मैलांचे पैसे नाहीत. घेऊ का?

निळाकोट

नाही.

तिठा

नाही! तीन दिवसांत ओॲसिसचं पहिलं पान होत नाही. १०९९ म्हणजे मालप्रॅक्टिस विमाही तुमचाच. गाडीच्या विम्यात कामासाठीचा वापर बसतो का तेही बघा. डब्ल्यू-२ (पगारी नोकरी), ठरलेल्या व्हिजिट आणि किमान चार आठवडे प्रीसेप्टर मागा.

हिशेबवही

ओपीटीचे किती दिवस गेलेत?

कोरी_पाटी

७१.

निळाकोट

मग एजन्सीच्या मागे लागू नका. आजच्या आज स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटीजना (पेशंट राहतात त्या शुश्रूषा केंद्रांना) फोन करा. नव्यांना तिथे घेतात, शिफ्टचे तास ठरलेले, मजल्यावर दुसरी नर्स असते. काम भरपूर, पाय दुखतील.

तिठा

मी तरी एजन्सीला आज उलट ऑफर पाठवेन. अटी मान्य केल्या तर केल्या. तुमच्याकडे १९ दिवस आहेत, त्यांच्याकडेही पेशंट ताटकळत असणार.

हिशेबवही

दोन्ही करा. आणि पहिला दिवस ठरला की सेव्हिस पोर्टलवर (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद असते तिथे) नोकरी त्याच दिवशी नोंदवा, १० दिवसांची मुदत आहे म्हणून बसू नका.

कोरी_पाटी

फॅसिलिटीची सोमवारी सकाळी नऊची मुलाखत मिळाली. एजन्सीला ईमेल गेलाय, उत्तर नाही.